दमयंतीच्या सात शांतता

थांबा, थांबा ताई—चौथं नका छापू अजून. तीन झाले नं? तेवढे राहू द्या तसेच टेबलावर, गरम आहेत कागदं. नाई नाई, तुमच्या मशीनचं काई नाई, अक्षर चांगलं उठून राह्यलं. पेनड्राईव्हबी ठीक आहे. चूक माही आहे. म्हणजे चूक आहे का नाई, तेच तर तीन दिवसांपासून मले ठरवता येऊन नाई राह्यलं—आन् उद्या बारा वाजेपर्यंत वाशिमले कॉलेजात प्रती जमा कराच्या आहेत, बांधून, काळ्या रेग्झिनमध्ये, वरतून सोनेरी अक्षरं. सकाळी निघताना मी ठरवलं होतं, की शेलूबाजारले उतराचं, सुकेशनीताईच्या दुकानात जाचं, पेनड्राईव्ह द्याचा, तोंड उघडाचं नाई, बांधून घेऊन निघाचं. तोंड न उघडणं मले चांगलं जमते. आमच्या गावात विचारा कोणालेबी, धनराजची बायको कशी आहे म्हणून—गरीब आहे म्हणतील, सहा महिने झाले लग्नाले, आवाज माहीत नाई तिचा. आन् आता पाहा, तुमच्या स्टुलावर टेकली नाई तर सुरू झाली. चूप राह्यण्याचाबी थकवा येते माणसाले, काय सांगू.

मघाशी शीर्षक वाचून तुमी हसल्या. मी पाह्यलं. नाई, हसा नं, हसण्यासारखंच आहे—‘दूरचित्रवाणी मालिकांची विरचनावादी समीक्षा, विशेष संदर्भ: उजळे अंगण’. आमच्या शेजारच्या हिरीबाईकाकू, रोज संध्याकाळी आमच्याकडं टीव्ही पाह्याले येतात, त्यायनं विचारलं होतं, “काय वं, कायचं पुस्तक लिहून राह्यली?” मी म्हटलं, मालिकेचं. तर म्हणे, “अवं पन ते तं सगळ्यायनं पाह्यलं! मंग वाचीन कोन?” आता याले काय उत्तर द्याचं? एम. ए.च्या शेवटच्या सत्राचा प्रकल्प आहे, कोणी वाचत नाई म्हणूनच लिहितात. विरचना म्हणजे काय? सांगते, सोपं आहे, उगाच भेव दाखवलं आहे लोकायनं. तुमी गोधडी उसवली कधी? फाडणं नाई, उसवणं. वरतून कशी दिसते—लाल चौकोन, हिरवा चौकोन, टाके ओळीनं. एक टाका काढला, मंग दुसरा, मंग धागा आपोआप यायले लागते—आन् आत काय निघते? आजोबाचं धोतर, कोणाचं फाटकं झंपर, खताचं पोतं. ऊब त्याचीच असते, पण ते दिसू द्याचं नाई म्हणूनच वरतून एवढे रंग. फ्रान्सकडच्या विद्वानायनं हेच पुस्तकांसोबत केलं. कोणतंबी लिहिलेलं घ्या, त्यात एक चांगलं असते, एक वाईट असते, एक वर, एक खाली. तुमी फक्त पाह्याचं, की वरचं कोणाच्या खांद्यावर उभं आहे. धागा ओढाचा आन् पाहात बसाचं. बस. बाकीचे मोठे शब्द आमच्या गाईड सरांसाठी.

तुमी पाह्यता नं उजळे अंगण? मंग कोण आवडते तुमाले—अक्षदा? ... अक्षदा नाई? ... हो नं! दमयंती. मले माहीतच होतं, सगळ्यायले दमयंतीच आवडते, फक्त सांगतात अशा आवाजात, जसं काई घरात कोणी निजलेलं आहे. पान एकोणीसवर हेच आहे माह्या. अक्षदा म्हणजे सुशील सून, दमयंती म्हणजे कजाग मोठी जाऊ, एक उजेड, एक अंधार—असं मालिका आपल्याले सांगते. पण उसवून पाहा. अक्षदानं दीडशे भागांत स्वतःहून काय केलं? दिवा लावला. रडली. परत दिवा लावला. दुधात विष दमयंती टाकते, चिठ्ठी दमयंती चोरते, कपाटाची चावी दमयंती लपवते—तिले सुट्टी द्या, तिसऱ्या दिवशी मालिका बंद. अक्षदाचं सगळं चांगलेपण दमयंती कमावून देते, आन् ओवाळणी होते अक्षदाची. आन् ते घर! एवढा मोठा जिना, तेरा माणसं, सगळ्याजणी सकाळी उठतात त्याच पैठणीत, ज्या पैठणीत निजल्या—आन् दीडशे भागांत कोणी एक भांडं घासलं नाई. एक बाई ट्रे घेऊन येते, ठेवते, जाते. तिले नाव नाई, संवाद नाई. मी लिहिलं, की या घराचं खरं जोतं तीच आहे. सर म्हणाले, छान. आन् ते ‘पाहा उद्याच्या भागात’—त्याच्यावर तर पूर्ण दुसरं प्रकरण आहे, हे तुमच्या टेबलावर आहे ते. उत्तर उद्या, सत्य उद्या, न्याय उद्या. अर्थ म्हणून जे काई आहे ते कधी येतच नाई, येतो येतो म्हणते, आपल्या लाईनमनसारखं.

पण चौथं प्रकरण—ते वेगळं आहे. ते सरांच्या भाषेत प्रबंधाचा आत्मा. ते समजाले तुमाले आमच्या घराची भिंत समजावी लागंन. आमच्याकडं रीत आहे, नव्या सुनेनं पहिलं वरीसभर सासऱ्यासमोर बैठकीत बसाचं नाई. पाणी द्याचं, चहा द्याचा, पदर सावरून निघून याचं. कोणी जबरदस्ती नाई करत बरं का, मामाजी स्वभावानं गरीब आहेत, दौलतसिंग नाव आहे पण कोंबडीलेबी हाड म्हणत नाई—पण रीत आहे. आन् टीव्ही बैठकीत. मामाजी पलंगावर, माह्या सासूबाई—प्रयागबाई—खाली सतरंजीवर, बाजूले हिरीबाईकाकू. ज्या भिंतीले टीव्ही टांगला, तिच्या मांगं स्वयंपाकघर. म्हणजे इकडून टीव्हीची पाठ, तिकडून माही शेगडी, मधात चार इंच. समजलं का काय म्हणून राह्यली मी? मी उजळे अंगण पाह्यलंच नाई, ताई. ऐकलं. भाकरी थापत थापत ऐकलं. तो जिना, त्या पैठण्या, ती ट्रेवाली बाई, हे सगळं हिरीबाईकाकू बसल्या बसल्या मोठ्यानं सांगत राह्यतात, त्यातून घेतलं. प्रस्तावनेत मात्र लिहिलं आहे, ‘प्रत्यक्ष निरीक्षण’. ते पान छापून झालं तुमचं.

मले वाटलं, काय फरक पडते? उलट चांगलंच. डोळ्याले पैठणी दिसत नाई, कानाले धागा लवकर सापडते. तीनदा धडाम वाजलं की समजाचं, कोणाच्या तरी तोंडावर कॅमेरा तीनदा आपटला. बांगड्या जास्त वाजल्या की दमयंती, पैंजण वाजले की अक्षदा. वही ओट्याखाली, पिठाच्या डब्यावर. आन् असं ऐकता ऐकता मले त्या शांतता सापडल्या. कशा—सांगते. दमयंती बोलत राह्याची, चढत चढत जायाची, “अक्षदा, तू विसरलीस, पण मी विसरलेली नाही—” आन् एकदम काईच नाई. ना संगीत, ना धडाम, ना बांगडी. एक भाकर तव्यावरून उतरून जाळावर फुगते, तेवढा वेळ. मंग परत आवाज, दुसराच प्रसंग. पहिल्यांदा झालं तेव्हा माह्या अंगावर काटा आला खरंच. टीव्हीवर शांतता? जिथं पंखा फिरला तरी तबला वाजवतात? मंग मी मोजाले लागली. चार महिन्यांत सात. सातही वेळा दमयंतीच्या तोंडी, सातही वेळा अक्षदाच्या जुन्या गोष्टीचा विषय निघाला की. मी लिहिलं—‘खलनायिकेचे मौन हेच या संहितेचे खरे केंद्र आहे. येथे मालिका स्वतःच स्वतःला उसवते.’ बेचाळीस ते अठ्ठ्याहत्तर, सदतीस पानं. सरांनी वाचून फोन केला, हो, त्यायनं स्वतः, “वैभवी, हे आजवर कोणी पाहिलंच नव्हतं!” मी म्हटलं, हो सर. खरंच होतं नं ते. मीबी कुठं पाह्यलं होतं.

आन् एक गंमत सांगू? त्या शांततेत बैठकीत काय व्हायाचं, तेबी मी लिहून ठेवाची. दरवेळी आत्याबाई—मी सासूबाईले आत्याबाई म्हणते—दरवेळी त्या मोठ्यानं काईतरी काढायच्या. “हिरीबाई, तुही म्हैस आटली का वं?” तर हिरीबाईकाकू, “अवं परवाच तं इचारलं तुनं! आटली नं!” मंग दुसऱ्या वेळी, “हिरीबाई, औंदा हळद किती उकळाची हाय तुह्याकडं?” मी तेबी प्रकरणात टाकलं, वेगळा मुद्दा करून—‘ग्रामीण प्रेक्षक मौनातील रिक्तता स्वतःच्या जगण्याने भरून काढतो.’ सरांनी त्या ओळीखाली लाल पेनानं दोनदा रेघ मारली, उत्तम म्हणून. मी चार दिवस हवेत होती ताई. भाकरी जळाल्या दोन.

मंग सर म्हणाले, सगळं ठीक, पण भाग क्रमांक आन् मिनिटं पाह्यजेत, तळटीप त्याशिवाय होत नाई. आखाजीच्या सणाले, अक्षय तृतीयेले, मी माहेरी गेली, जऊळक्याले, तिथं स्टेशनाजवळ फोनले रेंज मस्त येते. दुपारी बसली, कानाले इयरफोन लावून, वही घेऊन. पहिली शांतता, भाग सदुसष्ट. दमयंती दिसली—मी पहिल्यांदा पाह्यली तिले, चांगली आहे दिसाले—म्हणे, “तू विसरलीस, पण मी विसरलेली नाही—” आन् थांबलीच नाई. बोलतच राह्यली. चाळीस सेकंद. मांगं संगीत, धडाम, सगळं. मले वाटलं, भाग चुकला. दुसरी पाह्यली. तिथंबी बोलते. तिसरी. सातही ठिकाणी ती बोलून राह्यली होती ताई, तोंड भरून. मालिकेत शांतता नाईच आहे. एकबी नाई. आवाज कोणी बंद करत होतं? मामाजीले रिमोट समजत नाई, हिरीबाईकाकूले कोणी देत नाई. आमच्या घरी रिमोट पन्नीत गुंडाळून एकाच माणसाच्या मांडीखाली राह्यते.

काय बोलत होती दमयंती? ... तुमी तर पाह्यली आहे नं मालिका. मंग तुमाले आठवत असंन. अक्षदाचं पहिलं लग्न मोडलेलं असते, मांडवातून. हां, तेच. पाठच झालं मले आता: “एकदा लागलेली हळद धुतली जात नाही, अक्षदा. जिच्या दारी वरात आली नाही, ती दुसऱ्याच्या दारी सून म्हणून येत नाही, उपकार म्हणून येते.” लिहिणाऱ्यानं चांगलंच लिहिलं आहे. मी समीक्षक म्हणून सांगते, वाक्याले वजन आहे.

माह्याबी... पाणी आहे का ताई? द्या. नाई, थंडं नको, माठातलं द्या.

माह्याबी दारी नव्हती आली. दोन वर्षं झाली. जऊळक्याचंच लग्न, मंगळवारी हळद लागली, बुधवारी सकाळी फोन आला, पोराकडचे निघाले नाई म्हणे. काहून, ते मले आजवर कोणी सांगतलं नाई आन् मीबी विचारलं नाई. आचारी आला होता, बुंदी पाडून झाली होती. ती बुंदी आमी आठ दिवस वाटली. जाऊ द्या. मंग धनराजचं स्थळ आलं तेव्हा बाबानं सगळं सांगून टाकलं, लपवलं नाई. धनराज म्हणाले, बरं. ते सगळ्याच गोष्टीले बरं म्हणतात. आन् आत्याबाई—लग्नानंतर तिसऱ्या दिवशी मी एकटी होती ओट्याजवळ, तर दारात उभ्या राहून म्हणाल्या, “मांगचं मांगं. या घरात ते तोंडातून काहाडाचं नाई. आयकलं?” एवढंच. आवाज असा, जसं काई माह्या पेटीत चोरीचा माल सापडला. त्या दिवशी मी मनातल्या मनात त्यायचं नाव ठेवलं. काय ठेवलं असंन, सांगा बरं? ... दमयंतीच. मालिका तर नंतर ऐकाले लागली नीट. नाव आधी ठेवलं.

सहा महिने ताई, त्या मले ‘मीठ जास्त झालं’ आन् ‘दार लाव’ याच्या पलीकडं काई बोलल्या नाई. आन् मीबी बोलली नाई. मी लिहिलं. प्रबंधात ‘दर्शक क्रमांक एक’ म्हणून त्या आहेत—‘वय अठ्ठावन्न, निरक्षर, पितृसत्तेच्या मूल्यांची वाहक’. ऋणनिर्देशात सगळ्यायचे आभार आहेत, सर, बाबा, धनराज, ग्रंथपाल; त्यायचे नाईत. तेबी छापून झालं नं? पहिलंच पान असंन. वाचलं तुमी? ... बरं.

तर मले प्रश्न पडला, की काहून. काहून बंद केला आवाज सातदा? पहिला अर्थ—हिरीबाईकाकू बसल्या असतात, त्यायचं तोंड म्हणजे ग्रामपंचायतीचा भोंगा. विषय निघाला, त्यायनं काई म्हटलं, आत्याबाईचा चेहरा बदलला, गावाले वास लागला, संपलं. म्हणजे घराची अब्रू. दुसरा अर्थ—भिंतीमांगं मी. मले ऐकू येऊ नये म्हणून. तिसरा—दमयंती जे बोलते ते त्यायच्याच मनातलं असंन, आन् स्वतःच्या मनातलं दुसऱ्याच्या तोंडून ऐकाले कोणाले आवडते? आमच्या शास्त्रात याले म्हणतात अनिर्णय. एका खुणेचे तीन अर्थ, तिन्ही बरोबर, एकबी सिद्ध करता येत नाई, आन् समीक्षकानं त्यातच आनंद मानाचा. मले नाई आला बाप्पा आनंद. परीक्षेत लिहाले ठीक आहे, पण रोज त्याच बाईले ताट वाढाचं असते नं.

म्हणून मी एक वाईट काम केलं. रविवारी. मामाजी वावरात, धनराज मंगरूळले, हिरीबाईकाकू लग्नाले गेलेल्या, घरात आमी दोघीच. आत्याबाई ज्वारी पाखडून डब्यात भरून राह्यल्या होत्या. मी फोन ओट्यावर ठेवला, उभा करून, आन् भाग सदुसष्ट लावला, जऊळक्यालेच डाऊनलोड करून ठेवला होता तो. मोठ्या आवाजात. पाठ करून भांडे विसळत राह्यली, पण समोर स्टीलच्या परातीत त्या दिसत होत्या मले. दमयंती म्हणाली, तू विसरलीस—आन् त्यायचं सूप थांबलं. उठल्या. फोन हातात घेतला. आता रिमोटवर त्यायले आवाज बंद कराचं एक बटन माहीत आहे, फोनवर कुठं आहे बटन? उलटा केला, दाबला, पदरात धरला, तर आवाज येतच आहे, “हळद धुतली जात नाही, अक्षदा—” मंग त्यायनं काय करावं? फोन सरळ ज्वारीच्या डब्यात खुपसला, कोपरापर्यंत हात घालून. वरतून झाकण लावलं. आन् झाकणावर बसल्या. ज्वारीतून दमयंतीचा आवाज येत होता बारीक, माशीसारखा. त्या बसून होत्या, दोन्ही हात मांडीवर, भिंतीकडं पाहत. संपेपर्यंत. मंग म्हणाल्या, “असं भिताडालेबी आयकू येऊ देऊ नाई.” मंग थोड्या वेळानं, “चाय ठेव.”

मी ठेवला. फोन काढला तर चार्जिंगच्या भोकात ज्वारीचा दाणा अडकलेला, सुईनं काढला.

आता सांगा. भिताडाले ऐकू येऊ नाई—म्हणजे अब्रूच नं? का भिताडामांगं जी असते, तिले? तिथं तर कोणी नव्हतं, हिरीबाई नव्हती, लपवाचं कोणापासून होतं? आन् नाई सांगितलं तर काहून नाई सांगितलं, की पोरी, मी तुह्यासाठी... नाई. त्या असं म्हणणाऱ्यातल्या नाईत. आन् मीबी विचारणाऱ्यातली नाई. आमच्यात एवढीच एक गोष्ट सारखी आहे. मी तीन दिवस तेच करून राह्यली—कधी त्यायले चांगलं करून पाहते, कधी वाईट. पान बेचाळीसवर मीच लिहिलं आहे, एकीले काळं केल्याशिवाय दुसरी गोरी होत नाई. लिहिताना मले वाटलं, मी मालिकेबद्दल लिहून राह्यली. अक्षदा व्हाची हौस कोणाले होती, ते त्या पानावर नाई आहे.

तर हे असं आहे. हे जे आत्ता छापाचं होतं, ते आहे खोटं प्रकरण. तळटिपा टाकल्या आहेत, बरं का. भाग खरे, मिनिटं खरी, फक्त त्या मिनिटात शांतता नाई. कोण उघडून पाह्यते? सर नाई पाह्यत, बाहेरचे परीक्षक तर नाईच. पंच्याऐंशी मार्क धरून चाला. आन् जूनपासून शिरपूरच्या एका कॉलेजात तासिकेवर घेतो म्हणाले आहेत, निकाल दाखव म्हणे. आत्याबाईनंच परवानगी दिली होती, धनराजच्या मार्फत—“एवढं वरीस शिकून घे म्हना, मंग घर पाह्य म्हना.” एवढंच वरीस. म्हणजे हे बांधलं तर शिरपूर, नाई बांधलं तर शेगडी, कळलं का? सकाळी मी हेच बांधाले आली होती. तोंड बंद ठेवून.

आन् त्याच पेनड्राईव्हमध्ये अजून एक फाईल आहे, ‘चार-नवीन’ नावाची. दिसते का? ... नका उघडू. परवा दुपारी लिहिली, एका बैठकीत, बावीस पानं. सगळं खरं. की समीक्षक भिंतीमांगं होती, की आवाज घरात बंद झाला, कोणी केला, कोणत्या वाक्यावर केला, आन् ते वाक्य कोणाले लागत होतं. ताई, मी आजपर्यंत एवढं चांगलं काई लिहिलं नाई. सर वाचतील तर उभे राहतील खुर्चीतून. मालिका काय दाखवते यापेक्षा घर काय बंद करते, तिथून समीक्षा सुरू होते—असं शेवटचं वाक्य आहे. मीच वाचून रडली. पण एक प्रत कॉलेजच्या लायब्ररीत राह्यते, आन् तिथं रजिस्टरवर बसते ती रेणू, हिरीबाईकाकूची सख्खी भाची. आन् समजा नसती बसत. समजा सात समुद्रापार कोणी वाचणार असतं. तरी एका बाईनं सातदा बटन दाबून, आठव्यांदा डब्यावर बसून जे दाबलं, ते मी सोनेरी अक्षरांत बांधून आणाचं? तिच्या मनात काय होतं, तेबी माहीत नसताना? उसवणं मले येते ताई. पण हे कापड माह्या एकटीचं नाई आहे.

नाई, तुमी काई बोलू नका. तुमी बोलल्या तर मी परत बदलीन.

दोन्ही काढा. हो, दोन्ही फाईली. डिलीट. ... विचारतं का ते, ‘नक्की का’ म्हणून? नक्की. म्हणजे दाबा तुमी, मी दुसरीकडं पाहते. ... झालं? रिसायकल बिनमधूनबी. बरं. आता किती पानं राह्यली, अठ्ठेचाळीस? ऐंशीपेक्षा कमी घेत नाईत, मले माहीत आहे. सर आधी रागावतील, मंग दुःखी होतील, मंग म्हणतील पुढच्या वर्षी परत द्या. आन् पुढचं वरीस मागाले मले धनराजच्या मार्फत नाई जाता येणार. ते बरं म्हणतील आन् विसरून जातील. आत्याबाईलेच म्हणावं लागंन, समोर बसून, की अजून एक वरीस पाह्यजे. काहून म्हणतील. काय सांगू, ते मले माहीत नाई. पण सहा महिन्यांत पहिल्यांदा त्या मले काईतरी विचारतील, हे खरं.

पाचवं छापा. निष्कर्ष आहे तो, फार काई नाई त्यात. आन् नंबर—प्रकरणाचे नंबर बदलून घ्या, पाचचं चार... नाई. थांबा. राहू द्या. तीनानंतर पाचच राहू द्या. अनुक्रमणिकेतबी. विचारतील, चौथं कुठं आहे. विचारू द्या.

ते दादा पाहा, आधार कार्ड घेऊन केव्हाचे उभे आहेत दारात. त्यायचं करा आधी, माही काई घाई नाई आता. मी बाहेर बाकड्यावर बसते. आन् ताई—मी इथं काई बोलली नाई. पेनड्राईव्ह दिला, चूप बसली, तुमी छापलं. बस, झालं की आवाज द्या.